आकड्यांतला रामराम

मी कार्डांचा एक गठ्ठा बोलतोय. पत्त्यांचा नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण या तांड्यात मी आलो त्या दिवशीच दोघांनी विचारलं होतं, डाव कोणता मांडायचा. माझी कार्डं लांबट आहेत, पिवळसर जाड कागदाची, आणि प्रत्येकावर बारीक चौकोनी भोकं आहेत. त्या भोकांना अर्थ आहे. एकेका कार्डावर एकेक हुकूम आहे. ते हुकूम क्रमानं पाळले, की साधं सरळ वाक्य असं बदलून जातं, की ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याला ते कळू नये. मी गुप्त लिहिण्याची एक पद्धत आहे. जुनी, पण शिस्तीची.

शिस्त हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझा सगळा मनस्ताप त्या एका शब्दातून आलेला आहे.

माझा जन्म इथून फार लांब, गंगेकाठच्या एका मोठ्या कॉलेजात झाला. तिथं खोलीभर पसरलेला एक संगणक होता. त्याच्यासाठी गार हवेची सोय होती, मुलांच्या वसतिगृहात मात्र पंखेही धड चालत नसत. परभणी जिल्ह्यातल्या हिंगोलीकडून आलेला पुनमचंद राठोड नावाचा मुलगा तिथं शिकत होता. आईला तो पत्रात लिहायचा की इथं फार थंडी आहे. आईला वाटायचं पोरगं हिवानं कुडकुडतंय. ती थंडी संगणकाच्या खोलीतली होती, आणि पुनम तिथं माझ्यासाठी बसलेला असायचा.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कुणी एखादं काम नीट करणारा गठ्ठा तयार केला, की तो तपासून त्या कपाटात ठेवत. मग ज्याला लागेल त्यानं तो न्यायचा आणि आपल्या कामाला जोडायचा. त्या कपाटाला सगळे लायब्ररी म्हणत. गुप्त लिहिण्याच्या पद्धतींसाठी तिथं एक वेगळा खण होता. त्या खणात जाऊन बसायचं, हे माझं स्वप्न होतं. पुनमचंही तेच होतं. आम्ही दोघंही कोवळे आणि सारखेच भाबडे.

माझं काम असं चालतं. मजकुराचे सारखे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा दोन ओळींत मांडायचा, एक डावी, एक उजवी. उजवी ओळ किल्लीत घोळवायची आणि जे निघेल ते डावीवर टाकायचं. मग दोन्ही ओळींनी जागा बदलायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की मूळ तुकडा त्याच्या बापालाही ओळखू येत नाही. उलगडताना हेच सगळं शेवटच्या फेरीपासून उलटं करायचं. एक कार्ड जरी मागेपुढे झालं तरी सगळं मुसळ केरात.

पुनमनं मला पूर्ण केलं, तपासलं, आणि प्राध्यापकांपुढे ठेवलं. त्यांनी मला चाळून पाहिलं आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे. पण ही पद्धत आता म्हातारी झाली. अमेरिकेत नवी आलीय. नव्यावर मेहनत घे."

"पण सर, हिला यंत्र लागत नाही," पुनम म्हणाला. "माणसं बसवूनही ही चालवता येईल. जिथं वीज नाही तिथंसुद्धा."

"जिथं वीज नाही तिथं गुपित कसलं असणार?" असं म्हणून ते हसले, आणि खण बंद झाला.

पुनमनं मला ट्रंकेत घातलं, शिक्षण संपवलं आणि दिल्ली-मुंबईच्या नोकऱ्या सोडून तो गावी निघाला. त्याच्या डोक्यात रात्रशाळा होती, विहिरी होत्या, आणि विजेशिवाय चालणारा संगणक होता. वाटेत अकोल्याला तो उतरला. त्याची धाकटी बहीण जिवन तिथं नर्सिंगचं शिकत होती. दोन दिवस त्यानं तिला एका बाकावर बसवून मी कसा चालतो ते शिकवलं आणि माझे सगळे हुकूम तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले. पोरगी तल्लख. तिनं पहिला मजकूर माझ्यातून काढला तो असा: 'याडीला सांग मी पोटभर जेवते.' याडी म्हणजे आई. मला वाटलं, शेवटी एक तरी विद्यार्थिनी भेटली जिला शिस्त आहे. किती चुकीचं वाटलं होतं ते पुढे कळेल.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा सेनगावच्या अलीकडे, माळावर. एस.टी.तून उतरून ट्रंक डोक्यावर घेऊन पुनम आला तेव्हा धनसिंग नाईक आपल्या ओट्यावर बसलेले होते. नाईक म्हणजे तांड्याचे कर्ते. त्यांनी ट्रंक उघडायला लावली, मला हातात घेतलं, एक कार्ड उन्हात धरून भोकांतून सूर्य पाहिला.

"एवढी वर्सं लांब राहून शिकला, अन् कागदाला भोकं पाडायला शिकला?"

"काका, हे यंत्राला सांगायचे हुकूम आहेत."

"यंत्र कुठं हाय मंग?"

"यंत्र तिकडंच आहे."

"म्हंजे हुकूम घरी घेऊन आला अन् नोकर तिकडं सोडून आला," नाईक म्हणाले. ओट्यावरचे सगळे हसले. मी नाही हसलो.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. पुनमची आई शकुंतलाबाई. माणूस मायाळू, पण कागद दिसला की त्याचा उपयोग करणारी. जात्याची एक बाजू खाली होती, तिथं तिनं माझी तीन कार्डं घडी करून सारली. एकावर तिखटाची पुडी बांधली. पुनम ओरडला तर म्हणाली, "आधीच फाटकं व्हतं ना ते." त्यानं सगळी कार्डं गोळा केली, कोपऱ्यावरच्या आकड्यांनी पुन्हा लावली, आणि मला नाडीनं बांधून कोनाड्यात ठेवलं. तिखटाचा तो डाग अजून माझ्यावर आहे.

आता मी ज्या गोष्टीमुळे या तांड्यात कामाला लागलो ती सांगतो.

दिवाळी झाल्यावर नाईकांनी शकुंतलाबाईंकडे शब्द टाकला. त्यांच्या भावाचा मुलगा मोहनसिंग, त्याच्यासाठी त्यांना जिवन हवी होती. होळीला सगळा तांडा जमतो, तेव्हा पंचांसमोर बोलून टाकू, असं ते म्हणाले. पुनमचे वडील नव्हते. म्हणजे उत्तर द्यायचं ते शकुंतलाबाईनं, एकटीनं, सगळ्यांसमोर उभं राहून.

"पोरगं वाईट न्हाई," ती चुलीपुढे पुनमला म्हणाली. "पण वाईट न्हाई म्हंजे पायजेच, असं असते का? माझ्या लेकीच्या मनात काय हाय ते मला कळू दे. ती व्हय म्हणली तर व्हय. न्हाई म्हणली तर मी उभी राहीन, मंग कोणी का असंना समोर."

"मी अकोल्याला जाऊन विचारून येतो."

"तू गेला की लोक म्हणतीन, भावानं शिकवून आणलं. तिचं तिनं सांगावं."

"मग पत्र लिहू दे."

"अन् ते ओट्यावर वाचतीन."

इथली ही रीतच आहे. टपाल येतं ते नाईकांच्या ओट्यावर. पत्र कुणाचंही असो, ते तिथं उघडायचं आणि जळबा गुरुजींनी मोठ्यानं वाचायचं. गुरुजी शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातले, तांड्यावरच्या शाळेत शिकवायला सायकलवर यायचे. वाचताना लोक मधेमधे बोलतात, सल्ले देतात, कुणी रडतं. मग ते पत्र नाईकांच्या घरातल्या तारेला टोचून ठेवायचं. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, म्हणून ही सोय झाली असावी. पण सोयीचा रिवाज झाला, की कुणालाही दार लावून घेता येत नाही. आपलं पत्र वाचू नका, असं इथं म्हणणं म्हणजे तांड्यावर संशय घेणं. जिवननं नकार लिहिला, तर नाईकांची मान सगळ्यांदेखत खाली जाणार. मग ते हट्टाला पेटले तर शकुंतलाबाई उभी राहायच्या आतच सगळं ठरून गेलेलं असेल.

पुनमनं कोनाड्याकडे पाहिलं. मी तिथंच होतो. माझी सगळी भोकं ताठ झाली.

त्यानं हिंगोलीला जाऊन स्वतः पत्र टाकलं: जिवन, याडीनं विचारलंय, उत्तर आपल्या पद्धतीनं लिही, ते फक्त याडीसाठी.

किल्ली काय असावी हे दोघांनी अकोल्यालाच ठरवलं होतं. शकुंतलाबाईंची एक जुनी कांचळी, म्हणजे चोळी, आहे, तिच्या बाहीवर आरसे आणि मणी यांची ओळ आहे. आरसा, मणी, मणी, आरसा, असा काहीतरी तिचा तिचा क्रम. जिवनला तो तोंडपाठ होता. लहानपणी आईच्या दंडावर डोकं ठेवून ती बोटानं तो चाचपत झोपायची. माझ्या आयुष्यात मला यापेक्षा चांगली किल्ली कुणी दिली नसती, हे मी मान्य करतो. यंत्राऐवजी कवड्या वापरायच्या ठरल्या, उताणी कवडी म्हणजे एक आणि पालथी म्हणजे शून्य. शकुंतलाबाईंच्या पिशवीत कवड्या मोजक्याच होत्या. म्हणून पुनमनं माझा तुकडा आखूड केला. एका तुकड्यात एकच अक्षर मावेल एवढाच ठेवला, आणि तेही त्याच पत्रात जिवनला कळवलं.

मी तेव्हाच ओरडलो असतो, तोंड असतं तर. सारख्या तुकड्याला मी दर वेळी सारखंच रूप देतो. हा माझा स्वभाव आहे, आणि माझा दोषही हाच आहे. तुकडा लांब असला तर तो दोष झाकून जातो. तो अक्षराएवढा आखूड केला, तर मी जवळजवळ उघडाच. पुनमला हे ठाऊक होतं. पण एकच पत्र तर आहे, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसांना आळस करायचा असला की ते असंच म्हणतात.

माघ लागला आणि पत्र आलं.

ओट्यावर नेहमीसारखी माणसं जमली. गुरुजींनी अंतर्देशीय पत्र उघडलं, चष्मा लावला आणि थबकले. आत नुसते आकडे होते. पण रिवाज तो रिवाज. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. "चाळीस, नऊ, बासष्ट, तीस. सतरा, पन्नास, तीन, सतरा." सगळे शांतपणे ऐकत होते. एका म्हातारीनं सवयीनं पदर डोळ्याला लावला.

नाईकांची बायको पंचफुला म्हणाली, "पोरगी बरी हाय ना, गुरुजी?"

"आकड्यांवरून तर बरीच दिसते, वहिनी," गुरुजी म्हणाले आणि पुढे वाचत राहिले.

संपल्यावर नाईकांनी पुनमकडे पाहिलं. "हे काय करून राहिले तुमी भाऊ-भैन?"

"माझा अभ्यास आहे, काका. जिवन मला हिशेब सोडवून पाठवते."

"मोठा हिशेब दिसते," नाईक म्हणाले, आणि पत्र तारेला टोचून ठेवलं. पुनमनं त्याआधी आकडे उतरवून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात गोधडी अंथरली. पुनम माझी कार्डं उलट्या क्रमानं वाचायचा आणि शकुंतलाबाई कवड्या फिरवायची. हात चांगला चालायचा तिचा, पण शिस्त नाही ती नाहीच. एकदा म्हणाली, "ही कवडी तडकलेली हाय, हिला पालथीच राहू दे, लाज वाटत असंन तिला." एकदा कोंबडी मधून चालत गेली आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया गेली. तरीही सूर्य कलायच्या आत पहिली अक्षरं निघाली.

ध. न. सिं. ग.

पुनमनं हातातलं कार्ड खाली ठेवलं. त्याला वाटलं, नाईकांबद्दलच काहीतरी आहे. पुढं निघालं: नाईकांना रामराम.

मी सुन्न झालो. पुढची ओळ उलगडली: जळबा गुरुजींना रामराम. पुढची: पंचफुला काकीला रामराम. तल्लख मुलगी म्हणून जिचं मी कौतुक केलं होतं, तिनं गुप्त पत्राची सुरुवात सगळ्या तांड्याला रामराम घालून केली होती. वयाच्या आणि मानाच्या क्रमानं, प्रत्येकाला नवी ओळ. जे पत्र कुणालाच वाचता येऊ नये म्हणून लिहायचं, त्यात या पोरीनं कुणाला वाईट वाटू नये याची काळजी घेतली होती.

"बराबर हाय," शकुंतलाबाई समाधानानं म्हणाली. "आधी नाईक, मंग गुरुजी. माझ्या लेकीला वळण हाय."

"याडी, हे सगळं गाळू. शेवटच्या ओळींना जाऊ."

"काहून? एवढी मेहनत करून तिनं लिव्हलं, अन् तू फेकून देतो? ज्याचा त्याला रामराम पोचला पायजे."

"कसा पोचवणार? हे गुपित आहे ना?"

"मी मनातल्या मनात पोचवीन. तू पुढचं कार्ड वाच."

आणि तिनं तसंच केलं. एकेक नाव उलगडायचं, ती त्या माणसाच्या घराच्या दिशेनं तोंड करून क्षणभर डोळे मिटायची, मग पुढची कवडी. दुपारमागून दुपार गेली. आत्या झाल्या, मावश्या झाल्या, नंतर शेजारची लेकरं झाली. शेवटी बैल आला. खंड्याच्या मानेवरून हात फिरवा, असं लिहिलं होतं. शकुंतलाबाई खरंच उठून गोठ्यात गेली. पुनम डोकं धरून बसला. मी नाडीत बांधलेला नसतो तर त्या दिवशी स्वतःच विस्कटून गेलो असतो. होळी जवळ येत होती आणि आम्ही बैलापर्यंत पोचलो होतो.

होळीला थोडे दिवस उरले असताना उत्तर निघालं. पुनम अक्षरं जोडून वाचत गेला. 'शिक्षण पुरं करायचं आहे. आता लग्न नको. मोहनसिंगला वाईट वाटू देऊ नको. याडी, तुला उभं राहावं लागेल, माफ कर.'

शकुंतलाबाईनं कवड्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या, गाठ मारली. "कळलं," एवढंच म्हणाली, आणि कांचळीची बाही हातानं सारखी करत बसली. तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. पण तिनं ठरवलं होतं, हेही दिसत होतं.

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. धनसिंग नाईक होते. मागे जळबा गुरुजी, मान खाली.

नाईक आत येऊन बसले, पाणी मागितलं, प्याले. मग म्हणाले, "झालं का उलगडून?"

पुनमनं आकड्यांचा कागद मुठीत धरला.

"आमचं तीन दिवस आधीच झालं," नाईक म्हणाले. "तुमच्या कवड्या लई हळू चालतात."

"तुम्ही कसं उलगडलं?" पुनमचा आवाज चिरका झाला. "किल्ली तर तुमच्याकडे नव्हती."

"किल्ली काहून पायजे? गुरुजींनी आकडे वाचले तवाच कानाला लागलं. ओळी येत व्हत्या, अन् प्रत्येक ओळीची शेपटी सारखीच. चार आकड्यांचा त्योच त्यो झुबका, पुन्हा पुन्हा. म्या जन्मभर ओट्यावर पत्रं ऐकली. सुरुवातीला एकसारखं शेपूट काय असते, सांग."

"रामराम," शकुंतलाबाई म्हणाली.

"रामराम. मंग पहिलं नाव कोणाचं असणार? माझं. गुरुजींना म्हणलं, लावा माझ्या नावाची अक्षरं."

गुरुजी पुनमकडे न बघता म्हणाले, "धनसिंग नाईक, मग माझं नाव, मग पंचफुलावहिनी. एवढ्या नावांतून बरीचशी अक्षरं मिळाली. पुढं तीच अक्षरं शोधत गेलो. चार-दोन ठिकाणी अडलं, तिथं अंदाजानं भरली. पाटीवर केलं, नंतर पुसून टाकलं."

"गुरुजी, दुसऱ्याचं पत्र," पुनम म्हणाला.

"अरे, मीच तर ते भर ओट्यावर वाचलं होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं एवढंच."

मी काय सांगू तुम्हाला. एवढ्या फेऱ्या, एवढा शिस्तीचा क्रम, आणि दोन माणसांनी एका पाटीवर खडूनं मला सोलून ठेवलं. माझ्यापेक्षा हुशार कुणी भेटलं असतं तर मी मान्य केलं असतं. मला एका रामरामानं पाडलं होतं.

शकुंतलाबाई उठून उभी राहिली. "नाईक, तुमाला कळलं ना? मंग बरंच झालं. होळीला मी सगळ्यांम्होरं हेच सांगणार हाय. लेकीचं न्हाई, म्हंजे माझं न्हाई."

"बस."

"मी बसणार न्हाई."

"अग बस म्हणतो, मी तेच सांगाया आलो," नाईक म्हणाले. त्यांनी पितळी तांब्या बाजूला सरकवला. "पहिल्यांदा वाचलं तवा राग आला. माझ्या पुतण्याला न्हाई म्हणते, अन् तेबी चोरून. दोन दिवस डोसक्यात तेच. मंग तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. हे पत्र कोणालाच वाचता येणार न्हाई, अशी पोरीला खात्री व्हती. ओट्यावर कळणार न्हाई, मला कळणार न्हाई. मंग मला रामराम कोणासाठी घातला?"

नाईकांनी माझ्याकडे बोट केलं.

"दाखवायला घातला असता तर म्या ओळखलं असतं. लोक दाखवायलाच घालतात. पण हिनं तर अंधारात घातला. माझं नाव पहिलं, अन् पूर्ण. त्यो खरा व्हता." त्यांनी शकुंतलाबाईकडे पाहिलं. "अशा पोरीला भरसभेत न्हाई म्हणाया लावायचं, अन् तुला उभं करायचं, हे मला जमायचं न्हाई. मी माझा शब्द माघारी घेतो. होळीला माझा मीच बोलीन."

शकुंतलाबाई बसली. मग उठून तिनं गुळाचा खडा आणून पुढं ठेवला.

"एकच बराबर न्हाई," गूळ तोंडात टाकत नाईक म्हणाले. "माझ्या बायकोला गुरुजींच्या खाली घातलं. घरात मला त्याचा लई तरास होऊन राहिला."

"तिला सांगितलंत तुम्ही?" पुनम दचकला.

"फक्त रामरामाचं सांगितलं. बाकीचं न्हाई. तेवढं गुपित आमालाबी ठेवता येते."

होळीच्या दिवशी पंच बसले. नाईक उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या मोहनसिंगचं यंदा काही नाही, त्याला जीप घ्यायची आहे आणि त्याचं सगळं ध्यान तिकडंच आहे. आपल्याला जीप घ्यायची आहे हे मोहनसिंगला तिथंच कळलं, आणि तो इतका खूश झाला की त्याला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही. शकुंतलाबाई बायकांत बसून होती. तिला उठावं लागलं नाही.

आता माझ्याबद्दल. या गोष्टीत मी हरलो की जिंकलो, मला अजून कळत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. माझं काम होतं लपवणं. ते मी धड केलं नाही, आणि जे उघडं पडलं त्यानंच त्या मुलीचं भलं झालं. हे कुठल्या शिस्तीत बसतं? मी रात्ररात्र विचार केला असता, पण मला रात्रीसुद्धा निवांतपणा नाही. पंचफुला काकी आता येऊन म्हणते, मलाही एक आकड्यांचं पत्र लिहून द्या, माहेरी पाठवायचं आहे, आणि सगळ्यात वर माझ्या वडील भावाला रामराम घाला. मी नाडीतून तिला ओरडून सांगतो की वर रामराम घालायचा नसतो. ती ऐकत नाही.

पुनम रात्रशाळा चालवतो. विहिरीचं काम सरकारी कचेरीत अडलंय. सवडीनं तो माझ्या कार्डांच्या पाठीवर एक नवी तऱ्हा मांडतोय. तिच्यात प्रत्येक तुकड्यात त्याच्या आधीच्या तुकड्याचं थोडं मिसळायचं, म्हणजे एकच शब्द दोनदा आला तरी दोन रूपांत निघेल. चांगली कल्पना आहे. मी तिला विरोध करणार नाही. म्हाताऱ्यानं तरुणाच्या वाटेत यावं, असा माझा आग्रह नाही.

पावसाळ्यात माझे काठ फुगले. आता मला कुठल्याही यंत्रात घातलं तरी ते मला तोंडातून बाहेर टाकेल. काही कार्डांना कसर लागली आहे. मला कोण टाकून देईल याची मी वाट पाहत नाही, पण कुणी टाकायला निघालंच, तर त्याला माझी एक विनंती आहे. नवं गुपित मला सांगू नका, मी त्या लायक नाही. तेवढ्यासाठी पुनमची नवी तऱ्हा आहे. पण जिवनचं ते पत्र नाईकांच्या तारेवर अजून आहे. वर जुनी पत्रं, खाली नवी, आणि मध्ये तेच. गुरुजींनी पाटी पुसली, आणि आम्ही उलगडलेला कागद शकुंतलाबाईनं त्याच दिवशी चुलीत घातला. आता ते पत्र पूर्ण वाचायचं असेल तर मी लागतो. पुढल्या वर्षी जिवन नर्स होऊन परत येईल. कधीतरी तिची लेकरं त्या तारेपाशी उभी राहून विचारतील, हे काय लिहिलंय. त्या दिवसापर्यंत मला नाडीत बांधून ठेवा. कोरड्या जागी ठेवा, आणि कृपा करून जात्याखाली घालू नका.